मागितल्यावर मिळणारी माहिती गावाला पुरत नाही

ग्रामपंचायतीच्या कागदपत्रांचा विषय निघाला की एकच वाद नव्याने पेटतो, आणि तो सगळ्याच बाजूंनी चुकीच्या जागी लढवला जातो. एक बाजू म्हणते, माहिती अधिकाराचा काही लोकांनी धंदा केला आहे, ग्रामसेवक कामे सोडून झेरॉक्स काढत बसतात, तेव्हा अर्जांना आवर घाला. दुसरी बाजू म्हणते, अर्ज हेच गरिबाच्या हातातले एकमेव हत्यार आहे, त्याला हात लावाल तर चोरांना मोकळे रान मिळेल. मधूनच तिसरा आवाज येतो: आता सगळे ऑनलाइन आहे, मोबाइल उघडा आणि बघा. तिघांचीही एका गोष्टीवर न बोलता एकवाक्यता आहे, ती म्हणजे माहिती शोधत जाणे हे नागरिकाचे काम आहे. माझा आक्षेप नेमका यावर आहे. लहान गावात पंचायतीचा जमाखर्च, ठराव, लाभार्थ्यांची यादी आणि कामाचे मोजमाप हे सगळे कोणीही न मागता कार्यालयाने स्वतः गावापुढे मांडले पाहिजे. ते गावाला वाचता येईल अशा भाषेत आणि गाव जिथे रोज जाते अशा जागी असले पाहिजे. अर्ज हा अपवाद असावा. आज तोच एकमेव दरवाजा झाला आहे आणि त्या दरवाज्यातून जायची हिंमत फार थोड्यांकडे असते.

शहरात माहितीचा अर्ज करणारा माणूस अनोळखी असतो. महापालिकेच्या खिडकीत कागद देऊन तो गर्दीत मिसळून जातो. दीड हजार वस्तीच्या गावात असे होत नाही. सकाळी दिलेला अर्ज संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेला असतो. माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला सांगावे लागू नये, अशी तरतूद कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. पण गाव कारण विचारत बसत नाही, ते ठरवून मोकळे होते. हा पुढच्या निवडणुकीला उभा राहणार, याला विरोधी पार्टीने उभे केले, नाहीतर याचे गटाराच्या कामावरून बिनसले आहे. ज्याच्याविरुद्ध माहिती मागितली त्याच माणसाकडे पुढच्या आठवड्यात नमुना आठचा, म्हणजे घराच्या नोंदीचा, उतारा मागायला जायचे असते, नळजोडणीसाठी जायचे असते, घरकुलाच्या यादीत नाव राहावे म्हणून जायचे असते. सरपंच भावकीतला असतो, ठेकेदार मेहुणा असतो. अर्जाची फी दहा रुपये आणि झेरॉक्सच्या पानाला दोन रुपये एवढाच खर्च कायद्याला दिसतो. खरी किंमत दोन घरांमधल्या अबोल्यात चुकती करावी लागते. कधी ती याहून फार मोठी असते. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांनी माहिती अधिकाराच्या आधारे जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढले आणि १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा भर रस्त्यात खून झाला. एवढे समोर दिसत असताना एखाद्या शेतमजूर बाईने पंचायतीत अर्ज टाकला नाही, म्हणून तिला माहितीची गरज नाही असे कोण म्हणू शकेल?

आता पहिल्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा घेऊ. अर्जांचा गैरवापर होतो, हे खरे आहे. एकाच माणसाचे एकाच प्रकारचे ढीगभर अर्ज, मग तडजोडीचा निरोप आणि तोडपाणी झाले की अपील मागे, हे प्रकार घडतात आणि प्रामाणिक कर्मचाऱ्यांना त्याचा खरोखर त्रास होतो. तो नाकारून माहितीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी स्वतःचेच नुकसान करून घेतले आहे. पण हा धंदा कशावर चालतो? माहिती दडलेली आहे म्हणूनच ती बाहेर काढण्याच्या धमकीला भाव येतो. गावातल्या रस्त्याचे अंदाजपत्रक, बिल आणि मोजमाप पुस्तिकेचे पान जर पंचायतीच्या भिंतीवर लागलेले असेल तर ते मागवण्याची धमकी कोण कोणाला देणार? शिवाय अर्ज करणे जितके महाग पडते तितके सरळ लोक त्यापासून लांब राहतात, आणि मग ज्यांना गटाचा पाठिंबा आहे किंवा ज्यांना यातून काही कमवायचे आहे तेवढेच उरतात. ज्या गैरवापराची तक्रार कार्यालये करतात तो त्यांच्याच बंद कपाटांतून पोसला जातो. अर्जांवर बंधने आणून तो थांबणार नाही, फक्त भाव वाढेल.

गंमत म्हणून नव्हे तर खेदाने सांगावे लागते की यातले काहीही नवीन मागणे नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधल्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करण्याची सक्ती केली आणि त्यासाठी १२० दिवसांची मुदत दिली. ती मुदत ऑक्टोबर २००५ मध्येच संपली. लोकांना या कायद्याचा वापर कमीत कमी करावा लागावा इतकी माहिती आपणहून द्या, असे त्याच कलमात लिहिले आहे. कशी द्या हेही सांगितले आहे. त्यात सूचनाफलक आहे, जाहीर पुकारा आहे, वर्तमानपत्र आहे, इंटरनेट आहे, कार्यालयात येऊन पाहण्याची सोय आहे आणि स्थानिक भाषेचा विचार करा असेही आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चावडी होती. आपण मात्र कलम ६ चा अर्ज तेवढा उचलला आणि कलम ४ विसरलो. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीही अर्ज कसा लिहावा याची शिबिरे जितकी घेतली तितकी कलम ४ साठी पंचायतीसमोर धरणी धरली नाहीत, ही तक्रार त्यांच्याबद्दलचा आदर राखूनही करायला हवी.

कागद कोणाच्या घरात राहतो यावर गावातली सत्ता ठरते, हे महाराष्ट्राला दीडशे वर्षांपासून माहीत आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी उठले आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले, तेव्हा जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकारांच्या घरातली कर्जखते आणि रोखे बाहेर काढून जाळले गेले. आपण किती घेतले, किती फेडले, किती उरले याचा हिशेब ज्या कागदात होता तो कागद कुळाला कधी दिसलेलाच नव्हता. पुढे १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला त्यात व्याजाचा आणि जप्तीचा विचार होताच, पण सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, असेही बंधन घातले गेले. दुसरे उदाहरण कुलकर्णी वतनाचे. गावाचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या एका घराच्या माळ्यावर राहिले, ते वाचता येणारा आणि लिहिणारा एकच. या लेखणीच्या सत्तेवर जोतीराव फुल्यांनी सडकून टीका केली. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले आणि मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने ही वतने संपली. दोन्ही वेळा सुधारणेची दिशा एकच होती. कागद खासगी घरातून काढून सर्वांच्या जागी आणायचा. आज किती गावांत तो खरोखर सर्वांच्या जागी आहे? एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावे असली की प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, त्याच्या पिशवीतून फिरते. ग्रामसभेत आधी सह्या घेतल्या जातात आणि इतिवृत्त नंतर सवडीने लिहिले जाते, ही तक्रार तर गावोगाव ऐकू येते. वतन गेले, पण दप्तर एका माणसाबरोबर हिंडण्याची रीत उरली.

तिसऱ्या आवाजाकडे, म्हणजे ऑनलाइनवाल्यांकडे, मी आदरानेच वळतो. सातबारा महाभूलेख या संकेतस्थळावर आला, डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघू लागला, हा फार मोठा बदल आहे. एका उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघत दिवस घालवलेल्या कोणालाही विचारा. केंद्राच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर एप्रिल २०२० पासून पंचायतींचे आराखडे आणि खर्च पाहता येतात, हेही चांगलेच झाले. पण सातबारा आणि पंचायतीचा खर्च या दोन कागदांत मोठा फरक आहे. सातबारा माझा असतो. गट क्रमांक मला पाठ असतो, नोंद चुकली तर ती माझ्या लगेच लक्षात येते. पंचायतीचा खर्च सर्वांचा असतो. कोणते काम मंजूर झाले हेच ठाऊक नसेल तर मी संकेतस्थळावर शोधणार काय? आणि सापडले तरी तिथे बहुधा एक ओळ असते: अंतर्गत रस्ता काँक्रिटीकरण, पुढे रक्कम. कोणाच्या घरापासून कोणत्या विहिरीपर्यंत, किती लांब, किती जाड, ठेकेदार कोण, यातले काही त्या ओळीवरून कळत नाही. गट ग्रामपंचायत असेल तर अडचण दुप्पट होते. तीन-चार वाड्यांची एक पंचायत, कार्यालय मोठ्या गावात, आणि वाडीतल्या माणसाला आपल्या वाडीच्या नावावर काय खर्ची पडले हे वेगळे काढून बघायची सोय नाही.

इथे राजस्थानचा अनुभव फार बोलका आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. पद्धत अगदी साधी होती. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले मिळवायची आणि ती गावात सर्वांसमोर मोठ्याने वाचायची. अशा सुनावण्यांत हजेरीपत्रकावर मेलेल्यांची नावे निघाली, गाव सोडून गेलेल्यांची निघाली, कागदावर पूर्ण झालेली पण जागेवर नसलेली कामे निघाली. यातले मर्म असे की लेखापरीक्षकाला हे कळले नसते. त्याच्यासमोर व्हाउचर असते, सही-शिक्का असतो, बेरीज जुळते आणि तो पुढे जातो. अमुक माणूस तीन वर्षांपूर्वी वारला, ही माहिती फक्त गावाकडे असते. सत्याचा एक अर्धा भाग दप्तरात आणि दुसरा गावकऱ्यांच्या डोक्यात असतो. ते दोन्ही एका जागी आले तरच हिशेब तपासला जातो. संकेतस्थळ एकट्याने बघणाऱ्याला ही ताकद मिळत नाही, ती चारचौघांत वाचण्यातून येते. आणि ऐकून समजण्यासाठी साक्षर असावे लागत नाही. याच चळवळीच्या आग्रहातून २०१९ मध्ये राजस्थान सरकारने जनसूचना पोर्टल सुरू केले, ज्यावर योजनांची माहिती गाव आणि वॉर्डनुसार, अर्ज न करता पाहता येते. म्हणजे संकेतस्थळाला विरोध करायचे कारणच नाही. ते भिंतीच्या आणि सभेच्या जोडीला हवे, त्यांच्या बदल्यात नको.

कर्मचाऱ्यांचे म्हणणे मला सर्वांत जास्त पटते, म्हणून त्यावर जरा थांबतो. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, यांच्यावर कामाचा बोजा प्रचंड आहे. लेखासंहितेचे तेहतीस नमुने, जन्म-मृत्यूची नोंद, करवसुली, घरकुले, पाणीपुरवठा, दर आठवड्याला वरून येणारी नवी मोहीम आणि तिचे फोटो. अशा माणसाला आणखी एक काम लावायचे का? पण नीट पाहिले तर हे आणखी एक काम नाहीच. रोकडवही म्हणजे नमुना ५ रोजच्या रोज लिहायचीच असते. अर्थसंकल्प नमुना १ मध्ये करायचाच असतो. लिहिलेले पान महिन्याच्या शेवटी काचेच्या फलकात लावायला किती वेळ लागतो? उलट, दोन वर्षांपूर्वीचे बिल कोणी मागितले की ते हुडकण्यात, उत्तर लिहिण्यात, पहिल्या अपिलात गटविकास अधिकाऱ्यांपुढे आणि दुसऱ्या अपिलात माहिती आयोगापुढे जाण्यात किती दिवस जातात? आपले सरकार सेवा केंद्राचा चालक पंचायतीच्या निधीतूनच मानधन घेतो. ठराव टंकून त्याच दिवशी लावणे हे त्याच्याकडून करून घेता येईल. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यासाठी असा निर्णय काढला की दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. ठरलेला दिवस आणि ठरलेली वेळ यामुळे कर्मचाऱ्याचीही सुटका होते. मग आपल्या पंचायतीच्या दारावर तशी पाटी का दिसत नाही, हा प्रश्न गावकऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी मिळून विचारायला हवा. दप्तर उघडे असणे हे प्रामाणिक ग्रामसेवकाचे सर्वांत भक्कम संरक्षण आहे. सरपंच चुकीच्या बिलावर सही करायला दडपण आणतो तेव्हा 'हे पान उद्या भिंतीवर लागणार आहे' एवढे वाक्य त्याला पुरते.

खासगीपणाचा मुद्दाही वरवरचा नाही. लहान गावात थकबाकीदारांची यादी फलकावर लावली की ती वसुली राहत नाही, ती बेअब्रू होते. लाभार्थी याद्यांबरोबर आधार आणि बँक खात्याचे आकडे बाहेर आले तर फसवणुकीची वाट मोकळी होते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्याने वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या, माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला, आणि आता 'वैयक्तिक माहिती आहे' एवढे म्हणून पंचायतीची निम्मी कागदपत्रे झाकली जातील ही भीती रास्त आहे. मला रेघ इथे ओढावीशी वाटते: सार्वजनिक पैसा जिथे बाहेर जातो तिथे नाव आणि रक्कम उघड असावी, घराच्या आतला तपशील झाकलेला असावा. घरकुल कोणाला मंजूर झाले हे गावाला कळलेच पाहिजे, त्याचा खाते क्रमांक कळायचे कारण नाही. एखाद्या विधवेची घरपट्टी थकली असेल तर ते तिच्या आणि पंचायतीतले प्रकरण आहे. पण पंचायत सदस्याची थकली असेल तर ती उघड हवी, कारण ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार थकबाकीमुळे सदस्यत्व जाऊ शकते आणि मतदाराला ते जाणण्याचा हक्क आहे. स्वनिधीतले, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले, पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते झाले का, हे सांगायला कोणाच्याही खासगी आयुष्यात डोकवावे लागत नाही. गावातल्या दिव्यांगांना मात्र आपल्या नावाने असा निधी आहे हेच कित्येकदा ठाऊक नसते.

राहता राहिला तो नेहमीचा टोमणा, की लोक ग्रामसभेलाच येत नाहीत, त्यांना माहिती देऊन काय उपयोग. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, जी संख्या कमी असेल तेवढी, इतकी माफक गणपूर्ती भरत नाही म्हणून सभा तहकूब होतात, हे खरे. पण लोक कशाला येतील? विषयपत्रिकेवर 'जमाखर्चास मंजुरी देणे' एवढेच लिहिलेले, जमाखर्च तिथेच पहिल्यांदा घाईत वाचला जाणार, आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे सगळे वळून बघणार. सभेच्या आठ दिवस आधी तोच जमाखर्च वाडीवाडीत लागला असता तर लोक घरी बोलले असते, बायकांनी महिला सभेत तो काढला असता, आणि प्रश्न एकट्याचा राहिला नसता. ही कल्पनेतली गोष्ट नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला आणि त्यावरून पिके ठरवली. आकडे समोर असल्यामुळे कोणते पीक घ्यायचे नाही हा अप्रिय निर्णयही गावाने पाळला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगट चालवले, कायदे आणि कागद एकत्र बसून वाचले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घातली, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होते. ही गावे नेतृत्वामुळे वेगळी होती असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पण ते नेतृत्व टिकले ते लोकांना आकडे माहीत होते म्हणून.

जुन्या कागदांबद्दल एकच सांगतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे, जुने महसुली नमुने यांच्यासाठी राज्यभर धावपळ झाली आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, कुठे बुके नीट होती आणि कुठे वाळवीने खाल्लेली होती यावर माणसांचे हक्क ठरावेत, हे कोणालाच मान्य होऊ नये. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेख नियमबाह्य रीतीने नष्ट करणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तरीही 'अभिलेख आढळून येत नाही' हे उत्तर सहज दिले जाते आणि सहज स्वीकारलेही जाते. दर महिन्याला भिंतीवर लागलेले, लोकांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवलेले पान असे सहज गहाळ होऊ शकत नाही.

यासाठी नव्या कायद्याची किंवा मंत्रालयातून येणाऱ्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. येत्या ग्रामसभेत एक ठराव करता येतो. महिन्याचा जमाखर्च पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत कार्यालयाबाहेर आणि प्रत्येक वाडीत लागावा. ठराव ज्या दिवशी झाला त्याच दिवशी वाचून दाखवला जावा आणि त्याची प्रत लावली जावी. सोमवारी दुपारी दप्तर टेबलावर असावे. आणि कामाचा फलक, ज्यावर रक्कम, लांबी-रुंदी, ठेकेदार आणि मुदत लिहिलेली असते, तो काम संपून बिल निघाल्यावर फोटोपुरता न लावता पहिली खडीची गाडी येण्याआधी लागावा. कारण सिमेंट ओले असतानाच जाडी मोजता येते, आणि ती मोजायला त्या रस्त्याकडेला राहणारी माणसे जवळच असतात.